वाफ्यातली चिमूटभर माती

आमचे सासरे माती खातात. वाक्प्रचारातली नव्हे, खरी. वाक्प्रचारातली माती या घरात मी खातो असं त्यांच्या लेकीचं मत आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणाचं मत फारसं वेगळं होईल अशी आशा मी ठेवलेली नाही.

सासरे माती तपासण्याच्या सरकारी खात्यात होते. तिथे काचेच्या नळ्या होत्या, रंग बदलणारे कागद होते, पण यांचा भरवसा स्वतःच्या जिभेवर. कुणाच्याही जमिनीवर गेले की वाकायचं, चिमूटभर माती उचलायची, आधी नाकाशी न्यायची, मग जिभेच्या टोकावर ठेवायची आणि डोळे मिटायचे. आजूबाजूची माणसं श्वास रोखून उभी. मग निकाल लागायचा. 'जीव आहे हिच्यात,' किंवा 'दमलीय बिचारी,' किंवा नुसतंच 'अरेरे.' प्रयोगशाळेचा अहवाल सावकाश यायचा आणि तोही तेच म्हणायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय सुटलेली नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी खिडकीतल्या कुंडीपाशी थांबतात आणि मग यजमानांपाशी.

गेल्या वर्षी आम्ही या बैठ्या घरांच्या वसाहतीत राहायला आलो. घर बेताचंच, पण मागे अंगण आहे. सामान अजून दारातच होतं, कपाट उचलणारे हमाल कपाट टेकवून उभे होते, तेवढ्यात सासरे मागे गेले, वाकले, चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, यात खिळासुद्धा उगवणार नाही."

हमाल हसले. ही हसली. शेजारचे लोक अजून ओळखीचेही नव्हते, तेही कुंपणापलीकडून हसले. मी पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारींच्या टेबलावर बसतो. दिवसभर लोकांचं ऐकून घेणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे माझी कातडी तशी जाड आहे. पण सासऱ्याने बायकोदेखत केलेला अपमान कातडीवर थांबत नाही, तो आत जातो. मी त्याच क्षणी ठरवलं की याच मातीत गाजरं काढून दाखवीन. गाजरंच का, तर गाजराला म्हणे सगळ्यात मऊ आणि मोकळी माती लागते. करायचं तर अवघडच करावं, असा आमचा बाणा.

मग मी खणायला लागलो. दगड काढले, विटांचे तुकडे काढले, आधीच्या भाडेकरूची चप्पल निघाली, तीही एकच. कुजलेलं खत मिसळलं. तरी मातीत खडे राहिलेच, तेव्हा मी स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली. या चाळणीबद्दल घरात नंतर जे बोलणं झालं ते मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की आता आमच्या घरात दोन चाळण्या आहेत आणि त्यातली एक माझ्या नावाने ओळखली जाते. पण माती अशी झाली की हात घातला तर मनगटापर्यंत जावा. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी ती उकरून पुन्हा मोकळी करायचो. बी पेरलं, आणि उगवायच्या आतच उत्साहाच्या भरात सासऱ्यांना फोन केला.

"बाबा, या एकदा. माती चाखून बघा."

"खिळा उगवला की काय?" ते म्हणाले.

"तुम्ही या तर."

"येतो पुढच्या रविवारी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी मागे गेलो, तर वाफ्याच्या मधोमध एक भलाथोरला पिवळा बोका बसला होता. पाठ ताठ, शेपूट किंचित वर, नजर लांब कुठेतरी. आमच्या खात्याचे मॅनेजर महत्त्वाच्या कागदावर सही करायच्या आधी अगदी असेच दिसतात, म्हणून मी त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला आधी बरं वाटलं. वाटलं, मुक्या प्राण्यालाही आपलं काम आवडलं. मग मॅनेजरने मागच्या पायांनी नीट माती ओढली, झाकली, वास घेऊन खातरजमा केली आणि कुंपणावरून पलीकडे उडी मारली. तो गेल्यावर एक काळी-पांढरी मांजर आली. ती उठल्यावर एक राखाडी. पाळी बदलताना आमच्या खात्यात जो गोंधळ होतो तो इथे अजिबात नव्हता.

मी गार पडलो. कारण माझ्या डोळ्यांसमोर गाजरं आली नाहीत, सासऱ्यांची चिमूट आली. आधी नाकाशी. मग जिभेवर.

"मग त्यांना सरळ सांगा, चाखू नका म्हणून," ही म्हणाली.

"ते कारण विचारतील."

"कारण सांगा."

"म्हणजे ते आयुष्यभर सांगत सुटतील. मी म्हणालो होतो खिळा उगवणार नाही, आणि बघा जावईबापूंनी काय उगवलं."

यावर ही इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मला तिच्याकडून आधाराची अपेक्षा होती, पण तो भिंतीने तिला दिला. असो.

तर आता रविवारच्या आत मांजरं घालवायची होती. मी आधी मालकांकडे जायचं ठरवलं. मॅनेजरने डाव्या बाजूला उडी मारली होती. तिथे दातांचे डॉक्टर राहतात, पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे घर. मी गेलो तेव्हा ते एका पेशंटच्या तोंडात वाकून बघत होते आणि मॅनेजर वाट बघणाऱ्यांच्या सोफ्यावर झोपला होता.

"ते मांजर आमचं नाही हो," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "ते फक्त इथे झोपतं."

"आणि जेवतं कुठे?"

"जेवतं आमच्याकडेच. पण पाळलेलं नाही. स्वखुशीने येतं."

खुर्चीतल्या पेशंटने तोंड उघडं असूनही मान डोलावली. उंदराला मांजर साक्ष असते हे ऐकून होतो, मांजराला दुखरी दाढ साक्ष असलेली पहिल्यांदाच पाहिली.

काळी-पांढरी मांजर समोरच्या शिकवणीच्या बाईंची. बाई घरी गणिताच्या शिकवण्या घेतात आणि सगळ्या जगाशी, ते नापास झालंय असं समजून, हळू आणि स्पष्ट बोलतात.

"आमची मांजर असं बाहेर कुठेही करत नाही," त्या म्हणाल्या. "तिला शिस्त आहे."

"मग ती जाते कुठे?"

"ते तिचं खासगी आहे," बाई म्हणाल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. वास्तविक ओशाळायला हवं होतं मांजरीने.

राहिले उजवीकडचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी राखाडी मांजराची जबाबदारी नाकारली, ते रोज येतं आणि रोज जातं, टपालासारखं, असं सांगितलं, आणि माझं दुःख मात्र संपूर्ण आपल्या ताब्यात घेतलं. हा मास्तरांचा स्वभाव आहे. दुसऱ्याच्या घरी काही बिघडलं की त्यांना तरतरी येते.

"संत्र्याची सालं टाका," ते म्हणाले. "मांजर फिरकत नाही."

मी सालं टाकली. त्यासाठी आम्ही दोघांनी इतकी संत्री खाल्ली की माझ्या जिभेला चरे पडले. मांजरांनी सालं बाजूला सारली आणि मधली जागा वापरली. मास्तर म्हणाले, मिऱ्याची पूड. मी पूड भुरभुरली आणि त्याच वेळी वारा सुटला. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं, कारण सकाळभर मी मीटरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या तोंडावर शिंकत होतो, आणि त्यातल्या एका आजोबांनी मला त्यांचा रुमाल देऊन तक्रार मागे घेतली. मग मास्तर म्हणाले, पाणी भरलेल्या बाटल्या ठेवा, मांजर स्वतःचं रूप बघून घाबरतं. मी वाफ्याभोवती बाटल्या मांडल्या. मॅनेजर आला, एका बाटलीत त्याने स्वतःला बराच वेळ पाहिलं, आवडलं असावं, आणि तो तिथेच बसला. पूर्वी घाईत उरकायचा, आता निवांत बसू लागला.

"मग कुत्रा," मास्तर म्हणाले. "माझ्या मेहुण्याचा आहे. शिकवलेला आहे."

त्या कुत्र्याला नक्की काय शिकवलं होतं ते मास्तरांच्या मेहुण्यालाच ठाऊक. तो आला, मॅनेजरला हुंगून बघितलं, दोघांचं पटलं आणि मग त्याने वाफा उकरायला घेतला. माझं बी, माझं खत, माझी चाळलेली माती असं सगळं मागच्या पायांमधून उडत वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसलं. मी दोरी ओढतोय, तो मला ओढतोय, आणि मास्तर कुंपणावरून ओरडताहेत, "सोडू नका, तो खेळतोय." भीक नको पण कुत्रं आवर असं आपण सहज म्हणून जातो. मी ते चिखलात गुडघ्यावर बसून, मनापासून आणि मास्तरांचं नाव घेऊन म्हणालो.

एवढं झाल्यावर मी कायद्याच्या वाटेने जायचं ठरवलं. प्राण्यांचं खातं आमच्याच इमारतीत आहे, बरोबर आमच्या वरच्या मजल्यावर. दुपारच्या सुट्टीत नाक मुठीत धरून वर गेलो. टेबलापलीकडचे गृहस्थ माझ्या तोंडओळखीचे, जिन्यात रोज मान हलवणारे. आज त्यांनी मान हलवली नाही. टेबलापलीकडे बसलं की ओळख ठेवायची नसते, हे मलाही माहीत आहे.

"मांजर पाळीव की मोकाट?" त्यांनी विचारलं.

"ते त्यांनाच माहीत."

"पाळीव असेल तर तो दोन शेजाऱ्यांमधला प्रश्न. आमच्याकडे येत नाही. मोकाट असेल तर ते वस्तीवरच्या कर्मचाऱ्याकडे. आणि तो फक्त कुत्रे बघतो."

"मग मी काय करायचं?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आमचाही नाइलाज आहे. तुम्ही पुढच्या आठवड्यात चक्कर मारा."

मी थक्क झालो. हे वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा, बोलताना किंचित मान तिरकी करायची लकबही माझी. इतकी वर्षं मी ते लोकांना सुखाने देत आलो होतो, पण ते घेणाऱ्याला कसं लागतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी हटलो नाही. आम्ही मीटरवाले एकमेकांना ओळखून असतो, त्यामुळे कुठल्या साहेबाच्या नावाने कुठलं दार उघडतं ते मला माहीत होतं. शेवटी एक तपासनीस पाठवायचं ठरलं. मांजराचा मालक कोण हे तो जागेवर येऊन ठरवणार.

तपासनीस शुक्रवारी संध्याकाळी आला. मी अंगणात त्याला खुर्ची दिली, समोर मी बसलो, आणि मांजरं, त्यांच्या वेळा, येण्याजाण्याचे रस्ते असं सगळं सविस्तर सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात मॅनेजर कुंपणावरून उतरला. सावकाश चालत आला, माझ्या पायाला अंग घासलं, उडी मारून माझ्या मांडीवर बसला आणि घुरघुरू लागला. मी त्याला ढकलायला गेलो तर त्याने माझा हात चाटला.

"बरंच माणसाळलंय," तपासनीस म्हणाला.

"अहो, हे माझं नाही."

"सगळे तेच म्हणतात," तो म्हणाला आणि निघून गेला. शनिवारी सकाळीच खात्याचं फर्मान आलं. मी माझ्या मालकीच्या पिवळ्या बोक्याला आवरावं आणि आजूबाजूच्या बागांमध्ये घाण करू देऊ नये, अन्यथा कारवाई होईल. म्हणजे घाण माझ्या वाफ्यात, तक्रार माझी आणि गुन्हेगारही मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असणार. हिने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला.

आता एकच मार्ग उरला. माती बदलायची. नर्सरीवाल्याला सांगून ठेवलं की रविवारी सकाळी चांगल्या मातीची पोती टाक. सासरे संध्याकाळच्या बसने येणार होते. दुपारभरात जुनी माती उपसायची, नवी भरायची, आणि संध्याकाळी सासऱ्यांच्या जिभेला नर्सरीची माती. ही फसवणूक होती हे मला कबूल आहे. पण सासऱ्यांना मांजराचं चाखवण्यापेक्षा नर्सरीचं चाखवणं बरं, दगडापेक्षा वीट मऊ.

एक चूक मात्र झाली होती. कुत्र्याच्या प्रकरणात मास्तरांना गप्प करायला मी सांगून बसलो होतो की माझे सासरे माती चाखून तिचं पोट सांगतात. मास्तरांनी ते वसाहतभर वाटलं होतं, घरपोच.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. मी पोती आली समजून धावलो, तर दारात सासरे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री.

"सकाळची बस मिळाली," ते म्हणाले. "कुठंय तुमचा वाफा?"

आणि चपलाही न काढता मागे. मी मागून, "बाबा, आधी चहा, बाबा, पाय तरी धुवा," म्हणत. कुंपणावर एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मास्तर, त्यांच्या शेजारी आवर्जून आलेल्या शिकवणीच्या बाई. सगळे थिएटरात बसावे तसे टेकलेले. आणि वाफ्यातून, काम आटोपून, मॅनेजर नुकताच उठत होता. मी चार हात लांब होतो तरी मला कळलं. हिला दारातून कळलं, तिने पदर नाकाला लावला.

सासरे वाकले. नेमकी तिथलीच चिमूट उचलली. नाकाशी नेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथे काहीच हललं नाही. उलट त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि हात तोंडाकडे नेला.

गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. त्यांनी डोळे मिटले असते, 'जीव आहे' म्हणाले असते आणि ते खोटंही नव्हतं. पण ते हिचे वडील आहेत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतात. मी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, नका," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. "इथे मांजरं बसतात. आत्ताच एक उठून गेलंय."

"आत्ता?"

"तुमच्या समोर. बाबा, तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिताना पकडलेल्या पोरासारखा. मग त्यांनी चिमूट हळूच खाली सोडली, सरळ उभे राहिले आणि कुंपणाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "माती तापलेली आहे. निवू द्या जरा. तोवर चहा घेतो."

कुंपणावर कौतुकाची कुजबुज झाली. मी त्यांना मोरीत नेऊन साबणाने हात धुवायला लावले, दोनदा. ही चहाला आधण ठेवून फाटकाशी गेली होती, कारण आता पोती येत होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच.

"नाक गेलं माझं," सासरे म्हणाले. "मागे तो ताप आला होता ना, तेव्हापासून. फुलाचा वास नाही, धुराचा नाही, काही नाही. आणि नाक गेलं की जीभही निम्मी जाते."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? लोक फाटकापासून मागे घेऊन जातात मला. म्हणतात, साहेब, जरा चाखा. मी चाखतो, रंग बघतो, बोटात चुरडून बघतो आणि काहीतरी सांगतो. नाहीतर मी कोण आहे? एक म्हातारा, हातात छत्री असलेला."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं आणि मी ठेवलाही. मग माझ्या डोक्यात एक हिशेब जुळायला लागला.

"बाबा, तो ताप म्हणजे आम्ही इथे राहायला यायच्या आधीचा ना?"

"हो. बराच आधीचा."

"मग ते खिळा उगवणार नाही म्हणालात, ते?"

सासरे चहाच्या आधणाकडे वळले.

"ते आपलं अंदाजाने म्हणालो," ते म्हणाले.

अंदाजाने. माझी चाळणी, माझी संत्री, माझ्या शिंका, मास्तरांच्या मेहुण्याचा कुत्रा, फ्रिजवरचं फर्मान, हे सगळं अंदाजाने. मला रागवायचं होतं. खरोखर मी त्यासाठी श्वासही घेतला होता, पण बाहेर पडलं ते हसू. मग तेही हसायला लागले. आधण उतू गेलं, गॅस विझला, मी नाकाने हुंगून बंद केला आणि त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं नाक कसं आहे?"

"तुमची लेक म्हणते फार वर असतं. पण चालतं नीट."

"मग चला. लोक थांबलेत."

आमचं ठरलं ते असं की चिमूट ते उचलतील, मी आदराने त्यांच्याशेजारी वाकेन, आणि जो वास येईल तो त्यांच्या कानात सांगेन. आधी आम्ही डॉक्टरांच्या अंगणात गेलो. मी वाकलो. दवाखान्याच्या मोरीचं पाणी तिथेच सुटतं. "गुळण्यांचं औषध," मी पुटपुटलो. सासऱ्यांनी डोळे मिटले. "हिचे दात स्वच्छ आहेत," ते म्हणाले, "पण पोट रिकामं आहे." डॉक्टर चकित झाले. बाईंच्या अंगणात चिमूट निघेचना, जमीन पाटीसारखी टणक. सासऱ्यांनी छत्रीच्या टोकाने टोकरून पाहिलं. "हिला शिस्त फार लागलीय," ते म्हणाले. "जरा खेळू द्या." बाई आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क मिळाल्यासारख्या उभ्या राहिल्या. मास्तरांकडे सगळीकडे फरशी, कोपऱ्यात पावभर माती. मी हुंगलं आणि सांगितलं, "कशाचाच नाही." सासरे म्हणाले, "हिच्याकडे बरेच दिवस कुणी आलेलं दिसत नाही."

मग सगळा लवाजमा आमच्या वाफ्यापाशी आला. सासऱ्यांनी चिमूट उचलली नाही. छत्रीवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले.

"ही चाखायची गरज नाही," ते म्हणाले. "मांजराने चाखून ठेवलीय."

लवाजमा एक पाऊल पुढे सरकला.

"मांजरासारखा जमिनीचा पारखी नाही. टणक जागेवर ते बसत नाही, शिळ्या मातीत बसत नाही. मऊ पाहिजे, मोकळी पाहिजे, कोरडी पाहिजे. तुमच्या तिघांची मांजरं स्वतःच्या अंगणात पाऊल ठेवत नाहीत आणि कुंपण चढून इथे येतात. माझ्या जावयांच्या मातीत. यात काय ते समजा."

माझ्या जावयांच्या मातीत. ही दारात उभी होती, तिने ऐकलं. मी ऐकलं. मास्तरांनी ऐकलं म्हणजे वसाहतीने ऐकलं. माझं नाक तेव्हा कुठवर वर गेलं होतं ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आपलं अंगण खणताना दिसले. बाईंनी शिकवणी लवकर सोडली आणि खुरपं घेऊन बसल्या. मास्तरांनी चक्क फरशी उखडली आणि माझ्याकडे चाळणी मागायला आले. आपलं मांजर दुसऱ्याच्या दारात जातं हा आता प्रत्येकाला स्वतःचा अपमान वाटू लागला होता. इकडे सासऱ्यांनी माझी घाण झालेली माती उपसायला लावली, पोत्यांतली माझ्या चाळणीने चाळून भरली, पुन्हा बी पेरलं, वर काटेरी काटक्या पसरल्या आणि मला दम दिला. "रोज उकरत जाऊ नका. तुम्ही रोज त्यांचं अंथरूण झटकून देत होता. पाणी घाला आणि गप्प बसा." थोड्याच दिवसांत काळी-पांढरी बाईंच्या वाफ्यात दिसू लागली. बाईंनी ते मला थांबवून सांगितलं, खासगी असूनही.

डॉक्टरांना आता मॅनेजर अधिकृतपणे हवा होता. ते प्राण्यांच्या खात्यात जाऊन आले. तिथे मालक म्हणून माझं नाव लागलेलं असल्याने माझी संमती हवी असं त्यांना सांगण्यात आलं. ते संध्याकाळी माझ्याकडे आले.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," मी मान किंचित तिरकी करून म्हणालो. "पुढच्या आठवड्यात चक्कर मारा." मग त्यांचं तोंड बघवेना म्हणून लगेच संमती दिली. वाक्य कसं लागतं ते मला आता माहीत होतं.

सासरे दोन दिवसांसाठी आले होते, ते गाजरं निघेपर्यंत राहिले. आम्ही दोघं रोज सकाळी मागे जायचो. ते चिमूट उचलून माझ्या नाकाशी धरायचे आणि मी वास सांगायचो. आधी मला 'बरा आहे'पलीकडे काही सांगता येत नव्हतं. हळूहळू जमलं. एकदा मी म्हणालो, ओल्या लाकडी पाटासारखा. एकदा म्हणालो, जुनं कपाट बऱ्याच दिवसांनी उघडल्यासारखा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हं, बरोबर. तोच."

एक दिवस हिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांना वास येत नाही हे मला कधीचं माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्यासमोर दूध करपलं तरी ते हलले नव्हते. पण मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका. तुम्हा दोघांचं छान चाललंय." म्हणजे त्या रविवारी तिला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग मी झेप घेतली नसती तर? ती म्हणाली, "तुम्ही घेणार हे माहीत होतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं चांगलं वाक्य तिने माझ्याबद्दल प्रथमच काढलं होतं.

गाजरं निघाली त्या सकाळी सगळे कुंपणावर होते, मॅनेजरसकट. तो आता पलीकडे डॉक्टरांच्या ताब्यात असतो, पण जुन्या जागेवर लक्ष ठेवून असतो. पहिलं गाजर सासऱ्यांनी स्वतः उपटलं. थोडं वाकडं होतं, पण गाजर होतं. त्यांनी माती झटकली, चिमूटभर उचलली, सवयीने स्वतःच्या नाकाशी नेली आणि मग थांबले. हात माझ्याकडे केला.

मी वास घेतला. छान होता. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ती चिमूट त्यांच्या बोटांतून घेतली आणि जिभेच्या टोकावर ठेवली. डोळे मिटले. दाताखाली एक बारीक खडा आला, चाळणीतून सुटलेला. बाकी चव मला सांगता येत नाही, पण वाईट नव्हती. कुंपणावर कुणी हलत नव्हतं.

"काय म्हणते?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"बाबा," मी म्हणालो, "यात खिळासुद्धा उगवेल."